शहरात ज्ञान किती, हे मोजता. ते कुणापर्यंत पोहोचते तेही मोजा

प्रति,
मा. सचिव,
केंद्रीय गृहनिर्माण आणि शहरी व्यवहार मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : शहरांच्या पुढील निर्देशांकात ज्ञानाचे मोजमाप कसे व्हावे याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका पेठेत, सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. 'ब' वर्गाचे ग्रंथालय. खाली देवघेव विभाग आणि वृत्तपत्रांचे टेबल, वर अभ्यासिका, जिन्याखाली बांधून ठेवलेले जुने अंक. आमचे अनुदान राज्य सरकारकडून येते, म्हणजे कागदोपत्री माझा आणि आपल्या मंत्रालयाचा काही संबंध नाही. तरीही पत्र आपल्यालाच लिहिते आहे, कारण कोणते शहर पुढे गेले आणि कोणते मागे पडले हे ठरवणारी फूटपट्टी आपल्या हातात आहे. जे त्या फूटपट्टीवर नाही, त्यासाठी शहराच्या अंदाजपत्रकात पैसे मागायला गेले की समोरचा माणूस नम्रपणे हसतो. ते हसू आम्ही ग्रंथालयवाले चांगले ओळखतो.

आताच का लिहायचे? स्मार्ट सिटी मिशन 31 मार्च 2025 ला संपले. पुढची जनगणना होऊ घातली आहे आणि तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. लोकसंख्येचे नवे आकडे आले की शहरांचे नवे निर्देशांक बनणार, नव्या याद्या लागणार, 'ज्ञानाधारित अर्थव्यवस्था' हे शब्द पुन्हा प्रस्तावनेत येणार. मोजायचे काय हे एकदा ठरले की पुढे कुणी ऐकत नाही, म्हणून आधीच बोलते आहे.

आधीच्या याद्यांची आठवण करून देते. ऑगस्ट 2018 मध्ये आपला पहिला 'इझ ऑफ लिव्हिंग', म्हणजे शहरात राहणे किती सुखाचे आहे याचा, निर्देशांक आला, त्यात 111 शहरांत पुणे पहिले होते. नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. पेठेत पेढे वाटले नाहीत एवढेच. मार्च 2021 मध्ये पुढची, म्हणजे 2020 च्या फेरीची, यादी आली, तेव्हा दहा लाखांवरच्या शहरांत बंगळूर 66.70 गुणांनी पहिले आणि पुणे 66.27 गुणांनी दुसरे. लगेच 'पुण्याची घसरण' असे मथळे झाले. खरे तर दोन्ही वेळच्या परीक्षा वेगळ्या होत्या. 2018 ला 15 गट आणि 78 निर्देशक होते, 2020 च्या फेरीत 13 गट आणि 49 निर्देशक, शिवाय 30 टक्के गुण नागरिकांच्या मताला. दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण शेजारी ठेवून मुलगा हुशार झाला की ढ, हे कोणता शिक्षक ठरवतो? नागरिकांच्या मताला गुण देणे हा बदल चांगलाच होता. पण मोजमाप दर वेळी बदलले, तर शहराचा विकास होतो आहे की नाही हे त्यातून कधीच कळणार नाही. त्या वर्षीचा नंबर तेवढा कळेल.

आता मुख्य तक्रारीकडे येते.

पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, आणि यादी काढायला बसले तर कागद पुरत नाही. 1821 ची पाठशाळा पुढे डेक्कन कॉलेज झाली. 1848 साली याच शहरात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि त्याच वर्षी नगर वाचन मंदिरही. भांडारकर संस्था 1917 ची, गोखले संस्था 1930 ची, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 1950 ची. आयुका, सी-डॅक, आयसर ही नंतरची. आपल्या कुठल्याही निर्देशांकात असे शहर वरच्या बाकावर बसणारच. पण ही सगळी नोंद ज्ञान शहराच्या हद्दीत आहे एवढीच सांगते. ते हद्दीतल्या माणसाच्या हाती लागते का, हा प्रश्न आपल्या तक्त्यांत कुठेच विचारलेला नाही.

जानेवारी 2025 चे उदाहरण देते. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बारे सिंड्रोमची साथ आली. दोनशेहून अधिक रुग्ण. धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद गेली, काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला, काही दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. नमुने कुठे तपासले? पुण्यातच, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, जी 1952 पासून इथे आहे. म्हणजे जगाने दखल घ्यावी अशी प्रयोगशाळा आणि संशयाच्या फेऱ्यात आलेले पाणी, दोन्ही एकाच शहरात, तासाभराच्या अंतरावर.

त्या दिवसांत आमच्याकडे एक बाई रोज सकाळी येत. सभासद नाहीत, वृत्तपत्रांच्या टेबलाला वर्गणी लागत नाही म्हणून येत. मुलगी धायरीत दिलेली, नातू चार वर्षांचा. सगळ्या दैनिकांची स्थानिक पाने उघडून त्या विहिरींची आणि टाक्यांची नावे शोधायच्या, पाठकोऱ्या कागदावर उतरवून घ्यायच्या आणि बाहेर पायरीवर उभ्या राहून मुलीला फोनवर वाचून दाखवायच्या. गेल्या महिन्यात आपल्या नळाचे पाणी कधी तपासले, त्यात क्लोरीन किती होते, हे कळण्याची याहून सोपी वाट त्यांना सापडली नाही. आपल्या निर्देशांकात पाण्यासाठी गुण आहेत, आरोग्यासाठी आहेत, शिक्षणासाठी आहेत. या बाईंच्या त्या कागदासाठी कुठल्या रकान्यात जागा आहे?

दुसरी तक्रार माझ्या घरची आहे, तेव्हा जरा जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

2020 च्या 13 गटांत ग्रंथालय नावाचा गट नाही. शिक्षणाच्या गटात साक्षरता आहे, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आहे, गळती आहे, प्रशिक्षित शिक्षक आहेत, घरखर्चातला शिक्षणावरचा खर्चही आहे. हे सगळे शाळेच्या फाटकाशी संपते. शाळा सुटल्यावर, किंवा शाळा अर्धवट सुटून पंचवीस वर्षे झाल्यावर, माणसाने शिकायचे कुठे? 'ज्ञान समाज' हा शब्द तर शिकणे जन्मभर चालते या कल्पनेवर उभा आहे. आणि ग्रंथालय मोजता येत नाही असेही नाही. स्मार्ट शहरांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 37122, सन 2019 चे. त्यात दर लाख लोकसंख्येमागे सार्वजनिक ग्रंथालयांतली पुस्तके व ई-पुस्तके किती, आणि शहरातले किती टक्के लोक ग्रंथालय खरोखर वापरतात, असे दोन स्वतंत्र निर्देशक आहेत. जगाने जे स्मार्टपणाच्या व्याख्येत घेतले, ते आपण शंभर स्मार्ट शहरे करताना बाहेर ठेवले.

2020 च्या यादीत पुण्याच्या पुढे गेलेले बंगळूर पाहा. कर्नाटकच्या 1965 च्या कायद्यानुसार तिथे मालमत्ता कराबरोबर 6 टक्के ग्रंथालय उपकर घेतला जातो. तमिळनाडूत तर 1948 पासून तशी सोय आहे, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या खटपटीतून झालेली. वसूल होणारा सगळा पैसा ग्रंथालयांना वेळेवर पोहोचतो असे तिथले लोकही म्हणत नाहीत. पण बिलावर एक ओळ असते आणि त्या ओळीबद्दल जाब विचारता येतो. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात उपकरच नाही. 2022 साली राज्याने ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा 'ड' वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या, ग्रंथालयाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले. महिन्याला 4 हजार. त्यात माणूस, वीज, वृत्तपत्रे, पुस्तके आणि जमले तर पंख्याची दुरुस्ती. हा प्रश्न राज्याचा आहे, आपला नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपण एक निर्देशक घातला असता तर कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातला हा फरक यादीत दिसला असता, आणि दिसलेल्या फरकाची लाज तरी वाटते.

आणि अभ्यासिका. पुण्याबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. सदाशिव, नारायण, शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, दर चौथ्या इमारतीवर 'अभ्यासिका' अशी पाटी दिसेल. बीड, लातूर, नांदेड, परभणीची मुले-मुली राज्यसेवा, पीएसआय, तलाठी भरती अशा परीक्षांसाठी येतात. हजार-दोन हजार रुपये महिना देऊन एक खुर्ची भाड्याने घेतात. खुर्चीला नंबर, डोळ्यांसमोर प्लायवूडचा आडोसा, डोक्यावर ट्यूब, मोबाइल चार्जिंगला एक पिन. एसीचा दर वेगळा, खिडकीजवळच्या जागेचा वेगळा. आमची अभ्यासिका स्वस्त आहे, म्हणून यादीत नाव लावून ठेवलेली मुले दारात उभी असतात. नंबर कधी लागेल याचे उत्तर द्यायला आता मलाच संकोच वाटतो. शहराच्या नोंदीत ही मुले कोण? मतदान गावाकडे, रेशनकार्ड गावाकडे. त्यांनी भरलेले खुर्चीभाडे कुठल्या तरी सर्वेक्षणात 'शिक्षणावरचा खर्च' म्हणून येईल आणि कुणाला वाटेल, वा, इथले लोक शिक्षणावर किती खर्च करतात! सार्वजनिक खुर्ची नाही म्हणून तो खर्च करावा लागतो, हे आकडा सांगत नाही. 27 जुलै 2024 ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तळघरात मुले का बसतात, तर वर जागा परवडत नाही म्हणून. दर लाख तरुणांमागे सुरक्षित, सार्वजनिक, रात्री उशिरापर्यंत उघड्या अशा किती जागा आहेत, हा निर्देशक मांडायला कुठली समिती लागते?

डिजिटलबद्दल थोडक्यात. शिक्षणाच्या गटात डिजिटल शिक्षणाची उपलब्धता आहे, महापालिकांच्या कामगिरीच्या वेगळ्या निर्देशांकात तंत्रज्ञान हा एक पूर्ण विभागच आहे. छान. आमच्याकडे एका घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी अकरावीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. ग्रंथालयात संगणक आहे, इंटरनेट आहे, मुलीला टाइप करता येते. ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गेला. वडील वाघोलीला बांधकामावर, फोन डब्याच्या पिशवीत. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत फोन पाहीपर्यंत ओटीपीची मुदत संपली. पुन्हा पाठवला, तोवर ते सातव्या मजल्यावर. अर्ज तिसऱ्या दिवशी भरला, तोही वडिलांना खाडा करून फोन घेऊन इथे यावे लागले तेव्हा. आपल्या हिशेबात या घरात मोबाइल आहे, नेट आहे, म्हणजे हे घर डिजिटल झाले. त्या दिवसाचा बुडालेला रोज कुणी धरला नाही.

चौथी गोष्ट छेदाची, म्हणजे भागाकारात खाली येणाऱ्या आकड्याची. 'दर लाख लोकसंख्येमागे' असे काहीही म्हणायचे तर लोकसंख्या माहीत हवी. शेवटची जनगणना 2011 ची. तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाख 24 हजार होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 गावे हद्दीत आली, 2021 मध्ये आणखी 23. क्षेत्रफळात महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. पुढे त्यातली दोन गावे पुन्हा वेगळी काढली. आता दवाखाने, बागा, शाळा, बस कशाचेही प्रमाण काढा, खाली कोणता आकडा घेतला यावर उत्तर हलते. जुना आकडा घेतला तर शहर श्रीमंत दिसते. अंदाजाचा घेतला तर तो कुणाचा अंदाज? आणि सरासरी तर आणखी फसवी. औंध-बाणेर-बालेवाडी हा स्मार्ट सिटीचा निवडलेला भाग आणि नव्याने आलेली गावे यांची मिळून सरासरी काढली की दोघांपैकी कुणाचेच चित्र उरत नाही. ज्या भागात साथ आली तो भाग आणि ज्या भागात सायकल मार्ग झाला तो भाग, निर्देशांकात दोघांचे गुण एकच.

नागरिकांच्या मताच्या सर्वेक्षणाबद्दलही एक निरीक्षण नोंदवते. ते 16 जानेवारी ते 20 मार्च 2020 या काळात झाले, 32 लाख लोकांनी भाग घेतला. 20 मार्च! दोन दिवसांनी जनता कर्फ्यू. निकाल लागला 4 मार्च 2021 ला. मधल्या वर्षभरात शाळा बंद, ग्रंथालये बंद, लाखो मजूर चालत गावी गेलेले. जे शहर यादीत दुसरे आले ते लोकांनी मत दिले तेव्हाचे शहर होते, निकाल वाचणाऱ्यांच्या भोवतालचे नव्हते. हा योगायोग, दोष कुणाचा नाही. पण यादी जाहीर करताना हे ठळक अक्षरांत सांगायला हवे होते. शिवाय मत देणारे कोण होते, कुठल्या भागातले, किती बायका, किती भाडेकरू, किती झोपडपट्टीतले, हे प्रभागवार कळले तरच त्या 30 टक्के गुणांना अर्थ आहे. क्यूआर कोड स्कॅन करणारा माणूस आणि वृत्तपत्राच्या टेबलाशी पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेणारी बाई, यांचे शहराबद्दलचे मत एकच असेल असे मला वाटत नाही.

आपल्याला एक विचारू का? 14 मार्च 2022 ला पुणे महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात आपल्या प्रभागात काय चालले आहे हे विचारायला लोकांना निवडून दिलेला माणूसच नव्हता. माहितीची खरी गरज तेव्हाच होती. एखादे शहर ज्ञान समाजाचा भाग आहे की नाही, हे अशा काळात नागरिकाला प्रश्नाचे उत्तर किती दिवसांत मिळते यावरून मोजले, तर आपली पहिली दहा शहरे तीच राहतील का?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पुढच्या निर्देशांकात सार्वजनिक ग्रंथालये आणि अभ्यासिका यांचा स्वतंत्र गट असावा. इमारती आणि पुस्तके मोजून थांबू नये, वर्षभरात प्रत्यक्ष पुस्तक नेलेले किंवा जागा वापरलेले लोक मोजावेत. ही नोंद आमच्या देवघेवीच्या वहीत रोजच्या रोज होते, नवे काही उभारावे लागणार नाही.

पाणी, हवा, साथीचे रोग आणि अंदाजपत्रक या चार बाबींची माहिती तयार झाल्यापासून नागरिकाला त्याच्या भाषेत, प्रभागवार मिळेपर्यंत किती दिवस लागले, हा निर्देशक धरावा. स्कॅन करून चढवलेली शोधता न येणारी पाने 'माहिती उपलब्ध' म्हणून मोजू नयेत.

प्रत्येक आकड्याखाली छेदात कोणत्या वर्षाची लोकसंख्या आणि शहराची कोणती हद्द धरली ते छापावे. 2027 ची जनगणना हाती येईपर्यंत क्रमवारी लावूच नये, असे माझे मत आहे. गुण द्या, नंबर देऊ नका.

शहराच्या सरासरीबरोबर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा प्रभाग दोन्ही जाहीर करावेत.

निर्देशकांची यादी एकदा ठरली की निदान सलग तीन फेऱ्या बदलू नये. बदलायचीच असेल तर जुन्या पद्धतीचे गुणही शेजारी द्यावेत.

आणि मसुदा ठरवताना हरकती मागवाल, तेव्हा तो इंग्रजीबरोबर मराठीतही काढा आणि छापील प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवा. आमच्या वृत्तपत्रांच्या टेबलावर जागा आहे. लोक वाचतील, पेन्सिलीने समासात लिहितीलही, त्याची सवय आम्हाला आहे. आलेल्या हरकती एकत्र करून आपल्याकडे पाठवण्याचे काम मी स्वतः करीन.

उत्तराची वाट पाहते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, पुणे